नंतर बघू

मालीमच्या जेटीवर जूनपासून ट्रॉलर बांधलेले.
बर्फ कारखान्याच्या ऑफिसात मी, पंखा,
आणि अकराव्या आवृत्तीतलं माझंच जुनं अ‍ॅप,
ज्याच्या पहिल्या पडद्यावर अजून माझं लग्नाआधीचं आडनाव.

एकसष्ट दिवसांची बंदी.
काय ते ह्यातच करायचं. एक ऑगस्टला
पहाटे तीनला तांडेल लाद्या मागत उभे राहतील,
त्यांना आवृत्तीशी काही देणंघेणं नाही.

पर्वरीहून निहाल येतो. मुलगा हुशार आहे.
म्हणतो, मॅडम, नव्या विंडोजवर हे एके सकाळी उठणारच नाही.
म्हणतो, शेटना घरबसल्या फोनवर दिसेल सगळं.
म्हणतो, दर माणशी, दर महिना.
मी अठरा जून रस्त्यावरच्या दुकानातून
एकदाच पैसे मोजून खोका आणला होता,
आतली तबकडी अजून कपाटात आहे,
हे त्याला सांगत नाही.

बरोबरच आहे त्याचं.
आतलं लिखाण उघडलं की मलाच लाज वाटते.
एके ठिकाणी म्हटलंय, दोन सेकंद थांब.
का थांब, आठवत नाही.
काढून पाहिलं. प्रिंटरने पावती गिळली.
पुन्हा ठेवलं.

आणि एक रकाना. नाव: नंतर_बघू.
चाचणीपुरता केला होता, पुसायचा राहिला.
सगुण चोडणकरांनी त्यात चौदा वर्षं लिहिलं
खिडकीत बसून, एका बोटाने, तेव्हाच्या मराठी फॉण्टात:
'इंजिन बसले. पैसे मागू नयेत.'
'पोरीचे लग्न. दहा लाद्या जास्त, बिल नको म्हणाले शेट.'
'सांता रीता. मिंगेलचा भाऊ अजून मिळाला नाही. बर्फाचे लावू नये.'

एक प्रत विसाव्या आवृत्तीत उघडली.
आकडे सगळे आले. लाद्या, डिझेल, उधारी, अगदी पैशापर्यंत.
नंतर_बघूमध्ये मात्र
टोप्या घातलेले ए, शेपटीवाले सी, पौंडाची चिन्हं,
वाटावं आजोबांचा आफ्रामेंतचा कागद.
तोही शेवटी शेवटी घरात कुणाला वाचता येत नव्हता.
कचेरीने भाषा बदलली तेव्हा
नव्या उताऱ्यात आमचा एक बांध उतरलाच नाही.
काका मरेपर्यंत संध्याकाळचे
त्या नसलेल्या बांधावर जाऊन उभे राहायचे.

निहाल म्हणतो, कन्व्हर्टर आहे.
आहे. नव्वद टक्के येतं.
रफार तेवढा सरकतो, बर्फाचा बफर् होतो,
आणि बर्फाच्या कारखान्यात रफार सोडून भागत नाही.

म्हणून जुलैभर बसलेय, दोन पडदे शेजारी शेजारी,
डावीकडचं वाचते, उजवीकडे टंकते.
चार हजार एकशे बारा नोंदी.
निहालला वाटतं, मी हो म्हटलंय.
शेटना वाटतं, मी खर्च टाळतेय.
मला विचाराल तर
मी सगुणबाबांचं अक्षर लावतेय, जे अक्षर नव्हतंच कधी,
फॉण्ट होता.

एका नोंदीपाशी अडले.
पुन्हा सांता रीता, नऊ दिवसांनंतरची तारीख.
रक्कम शून्य. लाद्या चार.
नंतर_बघूमध्ये एवढंच:
'होय. त्याचेच.'

चोडणला फोन लावला. मागे फेरीबोटीचा भोंगा,
कोंबडा, रेडिओ कुणीतरी बारीक केला.
वाचून दाखवलं.
सगुणबाबा बराच वेळ लाइनवर होते.
मग म्हणाले, चार लाद्या बरोबर लिहिल्यात ना?
म्हटलं, हो.
'मग आसूं दी. तसंच उतरव.'

उतरवलं. दोन शब्द, दोन पूर्णविराम.

आज अठ्ठावीस. दोनशेचाळीस बाकी.
खाली कॉम्प्रेसर चाचणीला लावलाय,
टेबलावरचा ग्लास त्याच्या तालात थोडा थोडा सरकतो.
शिपाई विचारतो, बाई, कुठलं मशीन बंद करू?
दोन्ही राहू दे, म्हणते,
आणि चप्पल शोधते.